वर न गेलेली वर्दी

आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज सिंगापुरातील बँकांत, बंदरावर, रुग्णालयांत आणि सरकारी खात्यांत संगणकाच्या कामावर आहेत. शाळा सोडून गेलेला एखादा विद्यार्थी बाजारात भेटला आणि "सध्या कुठे?" म्हणून विचारले, तर "आयटीत, सर" हे उत्तर ठरलेले. आठ-दहा वर्षांनी तोच पुन्हा भेटतो तेव्हा उत्तरात एका शब्दाची भर पडलेली असते : "आयटीत मॅनेजर आहे, सर." बढतीचा आनंद त्या शब्दात असतो खरा; परंतु दोन घटका उभे राहून बोलले की त्यामागची धास्तीही ऐकू येते. यंत्राची भाषा त्याला कोणीतरी शिकवलेली असते. हाताखालच्या आठ माणसांची आणि डोक्यावरच्या तीन साहेबांची भाषा मात्र त्याची त्याने शिकावी, अशी सर्वांची अपेक्षा असते.

या दुसऱ्या भाषेविषयी प्रस्तुत लेखात चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी स्वतः संगणकतज्ज्ञ नाही, शिक्षक आहे. पण हा विषय जितका यंत्रांचा आहे त्याहून अधिक माणसांचा आहे, आणि माणसांच्या बाबतीत शिक्षकाने बोलण्यास हरकत नसावी.

'मॅनेजर' हा शब्द आपल्या घरांत नवा असला, तरी ती जागा आपल्याला अनोळखी नाही. आपल्यापैकी कोणाचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबई बंदरावर येऊन गिरमिटावर मॉरिशसला गेले, कोणाचे मद्रास इलाख्यातून मलायातील उसाच्या आणि रबराच्या मळ्यांवर आले. जेथे जेथे मजुरांची टोळी होती तेथे तेथे टोळी आणि गोरा साहेब यांच्यामध्ये एक माणूस उभा होता. मॉरिशसमध्ये त्याला सरदार म्हणत, मलायात तमिळ लोक कंगाणी म्हणत, मलय भाषेत तो मांडोर झाला आणि आपल्या भाषेत मुकादम. मलायातील करारबंद मजुरी १९१० मध्ये बंद करण्यात आली. पण मुकादमाची जागा त्यानंतरही अनेक वर्षे टिकली.

या मुकादमाचे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. कंगाण्याला, सकाळच्या हजेरीला कामावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक मजुरामागे काही सेंट मिळत. त्याला 'डोईमागचा पैसा' म्हटले तर चालेल. ज्याची मिळकत हजर डोक्यांवर ठरते, तो तापाने फणफणलेल्या माणसालाही उठवून रांगेत उभा करणार हे उघड आहे. लाइनीत आजार पसरला आहे, पाणी वाईट आहे, पगारात कपात झाल्यामुळे माणसे धुमसत आहेत, असल्या बातम्या साहेबाकडे नेण्यात त्याचा काडीचा लाभ नव्हता. उलट "तुला टोळी सांभाळता येत नाही" हे ऐकून घेण्याचा धोका होता. म्हणून वरचा हुकूम खाली तत्काळ पोचे, आणि खालची वर्दी वर पोचत नसे. मुकादम सगळेच दुष्ट होते असे मी म्हणत नाही. कित्येकांनी आपल्या गावच्या माणसांची पोटच्या पोराप्रमाणे काळजी घेतली. पण त्या जागेची घडणच अशी होती की वाईट बातमी दाबणाऱ्याला सुख लागावे.

आता या जुन्या जागेवरून थेट आपल्या काळातील रुग्णालयात येऊ. कारण २०१८ साली सिंगापुरात जे घडले, त्यात संगणक अद्ययावत होते, शिष्टाचार आधुनिक होते, आणि घोटाळा मात्र मुकादमाच्या काळाइतका जुना होता.

सिंगहेल्थ हा आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांचा सर्वांत मोठा समूह. त्याची संगणकव्यवस्था आयएचआयएस ही संस्था पाहत असे. २०२३ मध्ये तिचे नाव बदलून सिनॅप्स असे झाले. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात कोणा अज्ञात हल्लेखोराने या जाळ्यात चंचुप्रवेश केला. तो कित्येक महिने जवळजवळ निपचित पडून होता. मग हळूहळू एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकत, किल्ल्या गोळा करीत, तो रुग्णांच्या नोंदींच्या कोठाराकडे निघाला. २७ जून ते ४ जुलै २०१८ या आठ दिवसांत त्याने सुमारे १५ लाख रुग्णांची नावे, ओळखपत्रांचे क्रमांक, पत्ते, जन्मतारखा ही माहिती उचलून नेली. त्यांतील सुमारे १ लाख ६० हजार रुग्णांना दिलेल्या औषधांचा तपशीलही गेला. तत्कालीन पंतप्रधान ली श्येन लूंग यांच्या औषधांची माहिती त्याने पुन्हा पुन्हा आणि हेतुपुरस्सर शोधली. देशाची लोकसंख्या ध्यानात घेता दर चार माणसांमागे एकाची माहिती गेली असे म्हणता येईल. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकीही कित्येकांची त्यात असणार.

माजी मुख्य जिल्हा न्यायाधीश रिचर्ड मॅग्नस यांच्या अध्यक्षतेखाली चौघांची चौकशी समिती नेमण्यात आली, आणि १० जानेवारी २०१९ रोजी तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोणत्याही संगणक-व्यवस्थापकाने कादंबरी बाजूस ठेवून वाचावा असा तो ग्रंथ आहे. हल्लेखोर निष्णात होता हे समितीने मान्य केले. पण तो यशस्वी होणे अटळ नव्हते, असेही तिने स्पष्ट बजावले. वाचताना मन अस्वस्थ होते ते येथेच.

अस्वस्थ होण्याचे कारण असे, की पहारेकरी झोपलेले नव्हते. ११ जूनपासूनच माहितीकोठाराची देखभाल करणाऱ्यांच्या नजरेस आले होते की कोणीतरी चुकीच्या खात्यांनी आत शिरण्याचा प्रयत्न करीत आहे. त्यांनी ते एकमेकांना कळवले. दोनच दिवसांत, म्हणजे १३ जूनला, संबंधित कर्मचाऱ्यांचा भ्रमणध्वनीवर एक गट तयार झाला आणि त्यावर निरोपांची देवाणघेवाण सुरू झाली. याचा अर्थ, माहिती बाहेर जाण्याच्या दोन आठवडे आधी धूर दिसला होता, आणि पाहणाऱ्यांनी "धूर, धूर" असे म्हटलेही होते. ४ जुलैला कोठारातून विचित्र मागण्या होत असल्याचे एका विश्लेषकाच्या ध्यानात आले. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी वरून कोणाचाही हुकूम येण्याची वाट न पाहता त्या मागण्या तोडल्या आणि पुन्हा आल्या तर आपोआप तुटतील अशी व्यवस्था केली. चोरी थांबली ती तेथे. आणि संस्थेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना ही गोष्ट कळली कधी? ९ जुलैला रात्री. सायबर सुरक्षा संस्थेला आणि आरोग्य मंत्रालयाला वर्दी गेली १० जुलैला. जनतेला कळले २० जुलैला.

मधल्या काळात ही बातमी कोठे अडली होती? अशा घटनांना तोंड देण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या मधल्या फळीतील व्यवस्थापकापाशी. खात्री झाल्याशिवाय वर कळवू नये, अशी त्याची समजूत होती. शिवाय एकदा वर कळवले की चहूकडून विचारणा सुरू होईल, दर तासाला नवा तपशील मागतील, आपल्याला आणि आपल्या माणसांना श्वास घेऊ देणार नाहीत, ही भीती त्याने समितीपुढे सांगितली. वाचकहो, हे वाचून त्याच्यावर चटकन रागावू नका. कोणत्याही कचेरीत दहा वर्षे काढलेल्या माणसाला ही भीती ओळखीची आहे. शाळेतही एखाद्या वर्गात काही बिघडले, तर मुख्याध्यापकांना सांगण्याआधी आपण आपल्यातच ते मिटवू पाहतो. सांगितले की अर्ज, खुलासे आणि बैठका मागे लागतात. त्या माणसाला दोष देणे रास्तच होते, आणि तो दिला गेला. परंतु वर्दी दिल्याबद्दल शिक्षा झाल्यासारखे वाटावे, अशी रीत कोणी पाडली हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

त्याच्या बाजूला दुसरा एक अधिकारी होता. समूहाच्या माहितीच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणे हे त्याचे काम. त्याने स्वतःचा काही अंदाज न बांधता पहिल्याच्या अंदाजावर मान ठेवली. पहिला म्हणाला नाही, म्हणून दुसराही म्हणाला नाही. दोन पहारेकरी ठेवण्याचा हेतू हा, की एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा असावा. येथे दुसरा पहिल्याच्या पापण्यांकडे पाहत बसला!

या ठिकाणी आपल्याच इतिहासातील एका व्यवस्थेची आठवण होते. शिवाजी महाराजांच्या गडांवर एकहाती कारभार नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी गडावर असत व तिघांचा दर्जा सारखा असे, हे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून दिसते. एकाने फितुरी केली तर इतरांना ती कळावी आणि गड जाऊ नये, हा त्यातील मर्म. आजच्या संगणकक्षेत्रात अधिकारांची विभागणी म्हणून ज्या तत्त्वाचा गौरव होतो ते हेच. पण मर्म केवळ तीन नावांच्या नेमणुकीत नाही. तिघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे आणि तिघांनाही वरपर्यंत स्वतंत्र वाट असली पाहिजे. सिंगहेल्थच्या बाबतीत नेमणुका कागदावर बिनचूक होत्या.

कागदाची गोष्ट निघाली म्हणून आणखी दोन प्रसंग सांगतो; कारण व्यवस्थापनाची कसोटी अशाच कंटाळवाण्या ठिकाणी लागते. समूहातील एका केंद्रात एक सर्व्हर होता. त्याची देखभाल करणारा माणूस सोडून गेला, आणि ते काम रीतसर कोणाच्याच नावावर न चढता सोयीने दुसऱ्या एकाच्या हाती राहिले. त्या सर्व्हरवर सुरक्षेच्या सुधारणा चौदा महिने बसवल्या गेल्या नव्हत्या. ज्याच्याकडे काम येऊन पडले होते त्याला ते आपले आहे असे कधी सांगितलेच नव्हते. दुसरा प्रसंग तपासणीचा. अंतर्गत तपासनिसांनी आधीच याच व्यवस्थेतील कच्चे दुवे दाखवून दिले होते, त्यांत दुबळ्या पासवर्डांचाही समावेश होता. दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले. परंतु ते ज्या रीतीने हाताळले गेले ती रीत समितीने सदोष ठरवली. 'काम झाले' हा शेरा आणि झालेले काम यांत केवढे अंतर असते, हे वह्या तपासणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. "गृहपाठ केला, सर" हे ऐकून वही न उघडणारा शिक्षक आणि "दुरुस्ती झाली" हे ऐकून यंत्र न उघडणारा व्यवस्थापक यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

आता तिसरा प्रसंग, आणि माझ्या मते सर्वांत विचार करायला लावणारा. २०१४ मध्ये आयएचआयएसमधील एका कर्मचाऱ्याने रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भगदाड असल्याचे म्हटले होते. पण त्याने ते ज्या रीतीने केले ती रीत अगदी गैर होती : ज्या कंपनीचे ते सॉफ्टवेअर, तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीला त्याने पत्र धाडले. हे उघडकीस येताच त्याला नोकरीतून काढण्यात आले. त्याचे वर्तन निंद्य होते, त्याला काढणे योग्यच होते. परंतु तो म्हणतो ते भगदाड खरोखर आहे की काय, हे पाहण्याचे मात्र राहून गेले. निरोप्या वाईट निघाला, म्हणून निरोपही खोटा ठरला.

हिरकणीची आख्यायिका आपल्या घरांत आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. कोजागरीच्या दिवशी दूध विकायला रायगडावर गेलेली ती गवळण, सांजेला दरवाजे बंद झाल्यावर, घरी पाळण्यात असलेल्या तान्ह्या बाळासाठी पश्चिमेचा ताशीव कडा उतरून गेली. आईच्या मायेची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण गडाच्या रखवालीच्या दृष्टीने पाहिले तर तिने काय केले? दरवाजे बंद असताना बाहेर पडण्याचा हुकूम तिने मोडला, आणि त्याच पावली गडाला एक वाट उघडी आहे हे दाखवून दिले. आख्यायिका सांगते की महाराजांनी तिचा साडीचोळीने सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. गोष्ट दंतकथा असेल. पण ज्या समाजाने ती जपली त्याला हे ठाऊक होते, की नियम मोडणाऱ्याचा न्याय वेगळा आणि कड्याची पाहणी वेगळी. पहिल्या कामात वेळ गेला तरी चालेल, दुसऱ्या कामात जाता कामा नये.

असो. एकाच घटनेवरून सर्व व्यवस्थापनाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. सिंगापूरने या क्षेत्रात जे उभे केले ते थोडे नाही. राष्ट्रीय संगणक मंडळ १९८१ मध्ये फिलिप यो यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले आणि सरकारी खात्यांचे संगणकीकरण सुरू झाले. १ जानेवारी १९८९ पासून 'ट्रेडनेट' चालू झाले, तेव्हा आयात-निर्यातीचे परवाने मिळण्यास जे दिवस लागत ते मिनिटांवर आले. यात यंत्रे होतीच. पण मुख्य काम होते ते जकात खाते, बंदर, विमानतळ, व्यापार मंडळ, मालवाहतुकीचे दलाल या एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या मंडळींना एका टेबलाभोवती बसवून एकच अर्ज मान्य करवून घेण्याचे. आधी कागद एक झाले, मग तारा जोडल्या गेल्या. आमच्या तरुण व्यवस्थापकांना यंत्रखरेदीची घाई फार असते, त्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

घाईचा विषय निघालाच आहे तर बँकेचे उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये डीबीएस या आपल्या सर्वांत मोठ्या बँकेच्या सेवा वारंवार बंद पडल्या. २९ मार्चला लोकांना कित्येक तास आपल्या खात्यापर्यंत पोचता आले नाही. ५ मे रोजी पुन्हा तेच. १४ ऑक्टोबरला एका माहितीकेंद्रातील थंड पाण्याच्या व्यवस्थेचे काम करताना चुकीची आज्ञा दिली गेली, झडपा मिटल्या, यंत्रे तापली. आणि राखीव केंद्राने भार उचलावा तर तेथेही जोडणीत चूक निघाली. डीबीएस आणि सिटीबँक मिळून सुमारे २५ लाख व्यवहार त्या दिवशी पुरे होऊ शकले नाहीत. तेव्हा मॉनिटरी ऑथॉरिटीने डीबीएसला फर्मावले की सहा महिने, म्हणजे ३० एप्रिल २०२४ पर्यंत, अत्यावश्यक नसलेले कोणतेही बदल संगणकव्यवस्थेत करावयाचे नाहीत. मला या आज्ञेचे फार कौतुक वाटते. दंड भरून मोकळे होता येते; सहा महिने नवे काही न करता जुने नीट करीत बसणे हे महत्त्वाकांक्षी माणसाला दंडाहून जड जाते. बँकेचे तत्कालीन मुख्याधिकारी पीयूष गुप्ता यांच्या २०२३ च्या कामगिरीनुसार मिळणाऱ्या वेतनात ३० टक्के, म्हणजे ४१ लाख डॉलरांहून अधिक कपात करण्यात आली. येथे शिक्षा वरच्या पायरीपासून सुरू झाली, हेही नोंदवण्यासारखे आहे.

काम रेंगाळले की आणखी माणसे घाला, हा सल्ला बहुतेक साहेब देतात. ऊसतोडणीत तो खरा होता : दहा कोयते वाढवले की शेत लवकर मोकळे होई. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो खोटा आहे. आयबीएममध्ये एका अवाढव्य प्रणालीचे काम पार पाडलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात हे दाखवले, की उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली तर उशीर वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि जितकी माणसे त्याच्या कितीतरी पटीने त्यांच्यातील बोलणी. पुस्तकाला पन्नास वर्षे झाली, तरी मुकादमी हिशेब चालूच आहे.

मग नव्या व्यवस्थापकाने करावे तरी काय? मला सर्वांत उपयुक्त वाटलेले उत्तर संगणकाच्या जगातून आलेले नाही, शस्त्रक्रियेच्या खोलीतून आले आहे. अतुल गावंडे हे अमेरिकेत वाढलेले शल्यचिकित्सक. त्यांचे वडील विदर्भातील. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी वाचावयाची एक छोटी यादी तयार केली आणि आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यांत दिल्लीचे एक होते. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या आणि मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर. यादीत काही जगावेगळे नाही. त्यातील एक कलम मात्र मला विलक्षण वाटते. चाकू लावण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम मोठ्याने सांगावयाचे, अगदी धाकट्या परिचारिकेनेसुद्धा. वरवर हा उपचार दिसतो. पण ज्याने एकदा तोंड उघडले त्याला दुसऱ्यांदा उघडणे सोपे जाते; आणि "डॉक्टर, थांबा, डावा पाय नव्हे" हे वाक्य बहुधा त्या दुसऱ्या वेळी उच्चारावे लागते. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यांत साध्या कामगारालाही दोरी ओढून पुढे सरकणारी रांग थांबवण्याचा अधिकार दिलेला होता, त्यामागचा विचार हाच.

आपल्या मुलांना हे विशेष जड जाते असे माझे निरीक्षण आहे, आणि त्याची मुळे मला दूरवर गेलेली दिसतात. साहेबापुढे मान खाली, विचारल्याशिवाय बोलू नये, घरातले घरात ठेवावे, हे शहाणपण लाइनीत जगण्यासाठी आवश्यक होते. त्याने आपल्या पूर्वजांना वाचवले. तेच शहाणपण आपण लेकरांना संस्कार म्हणून दिले. वर्गात मी पाहतो, उदाहरण न समजलेला मुलगा हात वर करीत नाही. शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेतो. शिक्षकांचा मान राखला असे त्याला वाटते. हाच मुलगा उद्या रात्री दोन वाजता पडद्यावर काही विचित्र पाहील आणि सकाळपर्यंत थांबू या म्हणेल. आणि परवा तो स्वतः मॅनेजर होईल तेव्हा, हाताखालच्याने रात्री दोन वाजता उठवले म्हणून कपाळाला आठी घालील. त्या एका आठीची किंमत किती असू शकते हे २०१८ ने दाखवले आहे.

म्हणून व्यवस्थापक झालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी काही साध्या गोष्टी विचारत असतो. तू रजेवर असताना वर्दी कोणाकडे जाते, आणि ते त्या माणसाला ठाऊक आहे काय? तुझ्या खात्यातील प्रत्येक यंत्रापुढे एका जिवंत, नोकरीवर असलेल्या माणसाचे नाव लिहिलेले आहे काय? गेल्या महिन्यात तुझ्याकडे किती खोट्या धोक्याच्या वर्द्या आल्या? एकही नाही असे उत्तर आले तर मला काळजी वाटते. ज्या घरात कुत्रा कधीच उगाच भुंकत नाही, तेथे तो चोर आल्यावर भुंकेल याची खात्री कोणी द्यावी? खोट्या वर्दीबद्दल आभार मानणारा साहेबच खऱ्या वर्दीचा धनी होतो. शंका आली की कळवावे, खात्री करणे हे त्यानंतरचे काम, असा नियम लेखी असावा आणि वर्षातून दोनदा त्याची खोटी खोटी तालीमही व्हावी, जशी आपल्या शाळांतून आगीची होते. चौकशी समितीच्या १६ शिफारशींतही कर्मचाऱ्यांची जाणीव वाढवणे आणि घटना घडल्यावर वेगाने हालचाल करणे यांना महत्त्वाचे स्थान होते.

यातले बरेचसे शिकता येते, उपजत लागत नाही. मे २०२४ पासून चाळीस वर्षे पुरी केलेल्या सिंगापूरच्या नागरिकांच्या स्किल्सफ्यूचर खात्यात ४,००० डॉलर जमा करण्यात आले. आपल्या मंडळींपैकी अनेकांनी ते अजून हातही न लावता ठेवले असतील. जे वापरतात ते बहुधा एखादे नवे यांत्रिक कौशल्य निवडतात. प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते, पगारपत्रकावरही त्याचा उपयोग होतो. त्यास माझी ना नाही. पण ज्यांच्या हाताखाली पाच माणसे आली आहेत त्यांनी त्यातील थोडे तरी पैसे घटनाव्यवस्थापन, लेखी अहवाल आणि अवघड संभाषण यांच्या वर्गांवर खर्च करावेत. आणि ज्यांची मुले या क्षेत्रात आहेत त्या आईवडिलांनी रविवारी जेवताना "पगार किती वाढला?" याच्या जोडीला एवढे विचारावे, की या आठवड्यात तुझ्या हाताखालच्या कोणी तुला एखादी नको असलेली बातमी आणून दिली का, आणि तू त्याला काय म्हणालास.

सिंगहेल्थ प्रकरणाचा शेवटचा हिशेब १४ आणि १५ जानेवारी २०१९ रोजी पुरा झाला. आयएचआयएसने दोघांना नोकरीतून काढले, एकाला खालच्या पदावर नेमले आणि मुख्याधिकाऱ्यांसह पाच वरिष्ठांना मोठा आर्थिक दंड केला. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी नेमलेल्या आयोगाने आयएचआयएसला साडेसात लाख आणि सिंगहेल्थला अडीच लाख डॉलरांचा दंड ठोठावला. त्याच वेळी, हुकमाची वाट न पाहता कर्तव्यापलीकडे जाऊन काम केल्याबद्दल तिघा कर्मचाऱ्यांना प्रशंसापत्रे देण्यात आली. दंडाचे आकडे अजून लोकांच्या स्मरणात आहेत. त्या तीन पत्रांविषयी मी शिक्षकांच्या खोलीत विचारले, तर कोणीही काही ऐकलेले नव्हते.